ऐच्छिक विषय : निरंक

विषयाचे नाव

विषयनिवडीच्या अर्जावर सातव्या क्रमांकाला तर्कशास्त्र होतं आणि आठव्या क्रमांकाला निरंक.

निरंक हा विषय नव्हे. कागदावर रकाना आहे, पण त्यात लिहायला काही नाही, अशा वेळी कचेरीत लिहितात तो शब्द. हेडक्लार्कने मसुद्यात 'यंदाचे नवे विषय' या मथळ्यापुढे तो इमानेइतबारे लिहिला. छापखान्याने मथळा गाळला, शब्द ठेवला आणि त्याला क्रमांक दिला. मुद्रित तपासायचं काम तर्कसरांकडे होतं. त्यांनी सातवा क्रमांक चार वेळा तपासला. आठव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तर्कसर म्हणजे शाळेचा तर्कशास्त्र विभाग, अख्खा. विभागप्रमुख तेच, सहकारी तेच, आणि विभागाच्या बैठकीत मतभेद झालेच तर तेही त्यांचे त्यांच्याशीच. वीसपेक्षा कमी मुलं आली की विभाग बंद आणि शिक्षक 'अतिरिक्त', म्हणजे जिथे जागा असेल तिथे रवाना, असा नियम होता. गेल्या वर्षी एकवीस आली होती. त्यातला एक चुकून आला होता.

विद्यार्थीसंख्या

तर्कशास्त्र, चार. निरंक, त्रेसष्ट.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तेवढाच राहिला.

"मुलं म्हणतात, अभ्यास कमी असेल," हेडक्लार्क म्हणाला.

"आणि पालक?"

"पालक म्हणतात, नवीन आहे म्हणजे स्कोप असणार."

"वर कळवून टाका, चूक झाली म्हणून."

"याद्या मंजूर होऊन आल्यासुद्धा, बाई. आता चूक म्हटलं तर विचारतील, मुद्रित कुणी तपासलं?"

बाईंनी तर्कसरांकडे पाहिलं. तर्कसरांनी खिडकीकडे.

"सर, तुमच्याकडे चारच मुलं. वर्षअखेरीला विभागाचं काय होईल ते होईल. तोवर निरंक तुम्ही घ्या."

"बाई, जो विषयच नाही तो शिकवू कसा?"

"तुमच्या विषयाबद्दल लोक वीस वर्षं हेच म्हणतायत. शिकवलात ना?"

घरी ते टेबलाशी वह्या मांडून बसले, तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, पण निरंक म्हणजे काहीच नाही ना?"

"काहीच नाही."

"मग एवढी टिपणं कसली काढताय?"

अभ्यासक्रम

पहिल्या तासाला तर्कसरांनी कोऱ्या फळ्याकडे बोट दाखवलं. "फळ्यावर काय आहे?"

"काही नाही!" त्रेसष्ट जण ओरडले.

तर्कशास्त्राची चार मुलंही याच वर्गात आणून बसवली होती. त्यांतली एक मुलगी उभी राहिली. तिला सगळी शाळा 'शंका' म्हणायची. "सर, काही नाही हे आम्ही पाहिलं, की काही दिसलं नाही म्हणून तसं मानलं?"

त्या दिवशी घंटा झालेली कुणाला कळली नाही.

पुढे वर्षभर तर्कसरांनी निरंकच्या नावाखाली तर्कशास्त्रच शिकवलं. एक नियम तर त्यांनी मुलांकडून घोकूनच घेतला : एका युक्तिवादात एका शब्दाला एकच अर्थ. दुसरा अर्थ डोकावला, की समजा कुणीतरी तुमच्या डोळ्यांत धूळ फेकतंय.

सहामाहीनंतर पालक येऊ लागले.

"सर, मी नुसतं म्हणाले, 'सगळ्यांच्या मुली ऐकतात.' तर विचारते, 'किती मुली तपासल्यास?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? शेजारची एक."

अडचणी

वर्षअखेरीला वरून पत्र आलं. दोनच ओळी होत्या. 'तर्कशास्त्र विभाग : बंद. अतिरिक्त शिक्षक : निरंक.'

बाईंनी आवाज खाली आणला. "वाईट वाटतं, सर. निरंकचा शिक्षक अतिरिक्त ठरवलाय त्यांनी."

तर्कसर मिळेल त्या खुर्चीवर बसले. ती हेडक्लार्कची होती.

"अहो बाई," हेडक्लार्क उभ्याउभ्याच म्हणाला, "निरंक म्हणजे कुणी नाही! कुणीच अतिरिक्त नाही. सर राहिले!"

"कुणी नाही? इथे त्रेसष्ट पोरं निरंक शिकतायत आणि तुम्ही म्हणता..."

"शब्दाचा अर्थच तो आहे."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

तर्कसर पत्राकडे बघत राहिले. निरंक हा विषय मानला, तर विषय राहतो, आपण जातो. निरंक म्हणजे काही नाही म्हटलं, तर आपण राहतो, विषय जातो. आणि विषय नसलेला शिक्षक उद्या पुन्हा अतिरिक्तच. इकडे आड, तिकडे विहीर. वीस वर्षं फळ्यावर असे पेच काढून दाखवले होते. त्यांपैकी एकातही स्वतःचं बिऱ्हाड नव्हतं.

"तुम्ही सांगाल तो अर्थ मी वर कळवते, सर," बाई म्हणाल्या. "तर्क तुमचा विषय."

तर्कसरांनी घसा खाकरला. "यादीतला निरंक म्हणजे विषय. आणि पत्रातला निरंक..." ते थांबले. "पत्रातला निरंक म्हणजे कुणी नाही."

"छान!" म्हणून हेडक्लार्कने लिहूनही घेतलं.

दाराशी वह्यांचा गठ्ठा घेऊन शंका उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"सर, पण एका युक्तिवादात एका शब्दाला..."

तर्कसर उठले, तिच्या हातातला गठ्ठा घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा भाग पुढच्या वर्षाला आहे."

शेरा

नव्या अर्जाचं मुद्रित तर्कसरांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तपासलं. सहाव्या क्रमांकाला संगीत होतं. सातव्याला निरंक. आणि आठव्याला 'वरीलप्रमाणे'.

त्यांनी खोडायला पेन उचललं. संगीताच्या बाईंकडे यंदा एकवीसच मुलं उरली होती.

पेन जरा वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी खाली 'तपासले, बरोबर' असं लिहून सही केली.