छातीनं कोण गेलं?

मुलीसाठी स्थळ आलं की लोक पगार विचारतात, पत्रिका मागतात. आमच्या वडगावचे मारुतीअण्णा पोह्यांची बशी पुढं सरकवत विचारतात, “तुमच्यात छातीनं कोण गेलं?” समोरच्याच्या घशात पोहे अडकतात.

हे वेड गल्लीतल्या आरोग्य शिबिरापासूनचं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार घराण्यात उतरू शकतो. शिवाय जगातल्या निरनिराळ्या लोकांत जनुकं थोडी वेगळी, त्यामुळं धोकाही कमीजास्त. पुढं ते खाणं, चालणं, तंबाखू यांवरही बोलले, पण तोवर अण्णा तंबाखू मळायला बाहेर गेले होते.

जन्मभर मागावर साड्या विणलेला माणूस. त्यांनी जनुकांचा लगेच ताणा करून टाकला. “उभा ताणाच कच्चा असला, तर आडवा बाणा कितीबी रेशमी घाला, साडी फाटतीच.” जग राहिलं बाजूला, अण्णांनी बेळगावच्या आसपासचीच वाटणी केली. कडोलीची छाती दणकट, अनगोळची मध्यम, शहापूरची ‘बघून घ्यावी.’

मी म्हटलं, “अण्णा, गावाच्या वेशीवर जनुकं बदलत नाहीत.”

“मास्तर, तुमास्नी मागातलं काय कळतंय?”

या नादात त्यांच्या रेखाची चांगली चांगली स्थळं परत गेली. शेवटी तिनंच तिच्या ऑफिसातला प्रशांत घरी आणला. मीही होतो. पोरगा गुणी, पण वडील आणि चुलते दोघंही ऐन चाळिशीत छातीनं गेलेले. अण्णांनी विचारायच्या आधीच त्यानं ते सांगून टाकलं. रेखानं मान खाली घातली.

अण्णांनी पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, “दोघंबी दर वर्साला तपासून घ्या. तंबाखूला हात लावायचा न्हाय. आन् लगीन करा.”

प्रशांत गेल्यावर मी चिडवलं, “काय अण्णा, कच्चा ताणा चालला वाटतं?”

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. रेखा लहान असतानाच तिची आई गेली, छातीनंच.

“रेखाच्या आयची आय, मामा, समदी तशीच गेलती. सासऱ्यानं लग्नाआधी मला सांगितलं हुतं.”

“मग?”

“मग काय? पायजे हुती मला ती, मास्तर.”

अण्णांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली, एकदा वास घेतला आणि माझ्या हातात दिली.

“ही टाकून द्या तिकडं. आता त्या दोघांत मिळून बाप मी एकटाच हाय.”