बारा सिलिंडर आणि कुसाबाईंचा फोन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. कार्ब्युरेटर या वस्तूबद्दल माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही! आमच्या घराण्यात सात पिढ्या पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात. माझा धाकटा भाऊ विश्वेश आजही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, तेच करतो. मी, गंगाधर, सोवळं सोडून सातपूरला गॅरेज टाकलं आणि गेली बत्तीस वर्षं इंजिनांना मंत्र ऐकवतो. माझे मंत्र चारचौघांत म्हणण्यासारखे नसतात, एवढाच फरक.

कारण मला राग येतो. लवकर येतो आणि मुक्कामाला राहतो. आणि का येऊ नये? आजकालच्या गाड्यांत कार्ब्युरेटरच नसतो! लॅपटॉप जोडायचा, पोरानं बटण दाबायचं, गाडी दुरुस्त! बत्तीस वर्षं तयार केलेला माझा कान काय लोणच्यात घालू?

अशा दिवसांत अमोलशेठ आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, आता वाइनरीवाले. सोबत टेंपोवर ताडपत्री झाकलेली एक गाडी. ताडपत्री निघाली आणि मी खाली बसलो.

इटालियन. १९८६ची. कंपनीचं नाव सांगणार नाही, शेठनी शपथ घातलीय. पाचरीसारखी चपटी, माझ्या कमरेएवढी उंच. दारं बाजूला नाही, वर उघडतात, कोंबड्यानं पंख उचलावेत तशी. इंजीन ड्रायव्हरच्या पाठीमागे. बारा सिलिंडर, साडेचारशे घोडे! आणि त्यांना हवेत पेट्रोल मिसळून पाजायला एक नाही, दोन नाही, सहा कार्ब्युरेटर! प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा. बाराच्या बारा घशांनी एकाच क्षणी, एकसारखा श्वास घ्यायला हवा. एक जरी मागेपुढे झाला तरी या गाडीचा ट्रॅक्टर होतो.

आणि तो झालाच होता.

"मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवली," शेठ म्हणाले. "ते म्हणाले, इथे सोडा. नाशिकला द्राक्षं पिकवायची, असल्या गाडीला हात लावायचा नाही."

"असं म्हणाले?"

"असंच."

माझ्या डोक्यातला पंखा सुरू झाला. "शेठ, रविवारी तुमचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना? शनिवारी सकाळी दहाला गाडी घ्या. बाराच्या बारा एका सुरात! नाही झाले तर गॅरेजची पाटी उतरवीन!"

शेठ हसले. "पाटी राहू द्या. नाही झालं तर गाडी मुंबईला पाठवतो. आणि हो, आमच्या आईची एक अट आहे. गाडी आधी गंगेवर न्यायची, विश्वेशगुरुजींकडून पूजा करून घ्यायची, मग बाकीचं. मी शनिवारपर्यंत बेंगळुरूला आहे. काही लागलं तर घरी फोन करा."

पाच दिवस मी कानात रबरी नळी घालून बसलो. हसू नका, हीच पद्धत आहे! नळीचं एक टोक कानात, दुसरं घशाशी. हवा आत जाताना जो सूंऽऽ आवाज येतो, तो बारा ठिकाणी एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. पाव आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. घरी गेलो तरी कुकरचा आवाज ऐकून वाटायचं, थोडं पेट्रोल जास्त होतंय.

शुक्रवारी दुपारी अकरा घसे जमले. बारावा काही दाद देईना. त्याच वेळी आठवलं, शेठना निरोप द्यायला हवा. त्यांचा फोन बंद. घरी लावला, तर कुसाबाईंनी उचलला. शेठच्या आई. ऐंशीच्या घरातल्या, कानानं कमी. माझ्या एका कानात नळी, दुसऱ्यात कुसाबाई, मागे साडेचारशे घोडे.

"कोन बोलतंय?"

"गंगाधर! सातपूरहून! शेठना सांगा, अकरावा झाला! बारावा तेवढा राहिलाय!"

"कोनाचा?"

"इटालियनचा हो! आपल्या इटालियनचा!"

 पलीकडून बारीक आवाजात, "आपला मारको?"

आता हा मार्को म्हणजे शेठच्या वाइनरीत सल्ला द्यायला आलेला इटालियन साहेब, हे मला मागाहून कळलं. दोन महिने त्यांच्या घरी राहून बारा-तेरा दिवसांपूर्वीच तो मायदेशी गेला होता. मला वाटलं, म्हातारी 'मार्क' म्हणतेय. गाडीला कसले मार्क?

"ते मला माहीत नाही! उद्या सकाळी दहाला बारावा करून गंगेवर आणतो!"

"आरं पन असा कसा एकाएकी..."

"एकाएकी नाही! बरेच दिवस धूर ओकत होता! आता प्रश्न विचारू नका, मला काम आहे!" आणि मी फोन आपटला.

दहा मिनिटांत विश्वेशचा फोन.

"दादा, उद्या बारावा आहे म्हणे?"

"हो! तुला कोणी सांगितलं?"

"कुसाबाईंनी. रडत होत्या रे."

"रडायचं काय त्यात? होईल म्हटलं ना!"

"नाही, पण परदेशी माणूस... म्हणजे इटालियन... आपल्या पद्धतीनं चालेल?"

"नाशिकच्या माणसाला जमणार नाही, असंच ना?" माझा पारा चढला. "तूसुद्धा मुंबईवाल्यांच्या ओळीत जाऊन बस! इटालियन असो नाहीतर जपानी, शेवटी सगळ्यांचं आत एकच असतं!"

"ते खरंय," विश्वेश गंभीरपणे म्हणाला. "आत्मा एकच. मग मी तयारी करतो."

माझ्या भावाला माझं म्हणणं प्रथमच एवढ्या पटकन समजलं, याचं मला बरं वाटलं. तेव्हाच संशय यायला हवा होता!

संध्याकाळी बारावा सिलिंडर जमला. काय सांगू तुम्हाला! बारा घसे, एक आवाज. भरलेल्या हंड्यांतून वाऱ्यानं जावं तसा घुमारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे. घशांवरची, कचरा अडवणारी एअर फिल्टरची झाकणं मी मुद्दाम बसवली नाहीत. तो आवाज झाकायचा? उद्या अख्ख्या पंचवटीला ऐकू दे!

शनिवारी सकाळी निघालो. ताशी पावणेतीनशेच्या पुढे जाणारी गाडी मी सातपूर ते पंचवटी ताशी अकराच्या वेगानं नेली, कारण आपल्याकडे गतिरोधक म्हणजे लहान सप्तशृंगगड! प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फळी टाकायची, तिरकं चढवायचं, फळी उचलायची. क्लच इतका कडक की डावा पाय वेगळ्या माणसाचा वाटायला लागला. खिडकी उघडते फक्त चार बोटं. आत भट्टी, बाहेर मोबाइल धरलेली माणसं. अशोकस्तंभाजवळ एका रिक्षावाल्यानं खाली वाकून, त्या चार बोटांच्या फटीत तोंड घालून विचारलं, "काका, हिला सीएनजी किट बसंल का?"

मी जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

गंगेवर पोचलो तेव्हा घामानं निथळत होतो. पण समोर पाहिलं आणि छाती फुगली. दोन पिकअप भरून माणसं आली होती! पांढऱ्या टोप्या, पांढरी लुगडी. मनात म्हटलं, याला म्हणतात किंमत! कार्ब्युरेटर जुळला म्हणून अख्खं गाव आलंय!

जागा मिळाली ती बोळाच्या तोंडाशी, आणि तिथे गाडी मागे घेणं भाग होतं. या गाडीला मागचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. मागे घ्यायची तर दार वर करायचं, अर्धं अंग बाहेर काढून उंबऱ्यावर बसायचं आणि मान वळवून पाय आत नाचवायचे. इटलीतले इंजिनिअरसुद्धा असंच करायचे म्हणे. तसा बसलो. पांढऱ्या टोप्यांनी हात दाखवायला सुरुवात केली. "येऊ द्या... येऊ द्या... बास!" सगळ्यांचा आवाज रडवेला. मला वाटलं, भारावलेत.

गाडी लागली. इंजीन चालू ठेवून, हवा लागावी म्हणून मी मागचं झाकण उघडलं. बाराच्या बारा गात होते. वळून बघतो तर पाटावर एक फोटो. त्याला झेंडूचा हार. फोटोत एक गोरा माणूस हातात द्राक्षाचा घड धरून हसतोय. समोर विश्वेश दर्भ घेऊन बसलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बारावा," विश्वेश म्हणाला. "मार्कोंचा. तूच सांगितलंस ना?"

"अरे गाढवा, सिलिंडर! बारावा सिलिंडर!"

"सिलिंडर फुटून गेला?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि बायकांनी हंबरडा फोडला.

मी ओरडतोय, त्या रडतायत, इंजीन गरजतंय! कुणाचं कुणाला ऐकू येईना. एवढ्यात कुसाबाई काठी टेकत पुढे आल्या. ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या. "लय जीव होता त्याचा या गाडीवर," असं म्हणून त्यांनी गाडीला डोकं टेकलं आणि ओंजळ मागच्या बाजूला वाहिली.

सहा कार्ब्युरेटर. बारा उघडे घसे. फिल्टर नाही.

पाकळ्या उडाल्या नाहीत हो, ओढल्या गेल्या! सूंऽऽप! इंजीन दोनदा ठसकलं, एकदा शिंकलं आणि गप्प झालं.

त्या शांततेत शेठची मुलगी अपूर्वा धावत आली. ती कॉलेजातून परस्पर आली होती, आणि एवढ्या गोतावळ्यात फोन करून बघायची अक्कल फक्त तिला होती. तिच्या मोबाइलवर अंथरुणात बसलेला, केस विस्कटलेला एक जिवंत इटालियन होता. तिकडे पहाट. त्यानं डोळे चोळले, स्वतःचा हार घातलेला फोटो पाहिला आणि खणखणीत हाक मारली, "मम्मा!"

कुसाबाईंनी तो मोबाइल दोन्ही हातांत धरला.  पडद्यावरच्या त्याच्या गालावरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या. मोबाइल बंद पडला तरी फिरवतच होत्या.

मी मात्र पेटलो होतो. पाच दिवसांची मेहनत! दोन तासांत शेठ येणार! "कोणी सांगितलं होतं फुलं टाकायला?" मी गरजलो. "ऐकू येत नाही तर फोन उचलायचा कशाला? नीट विचारायला काय झालं होतं?"

 कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कोनाचा म्हनून इचारलं. तू म्हनला, मला काम हाय. फोन आपटला. रातभर मी त्या पोराचं शर्ट उशाला घेऊन बसले."

तुम्ही कधी तापलेल्या सायलेन्सरवर पाणी ओतलंय? तसा चर्रर्र आवाज माझ्या आत झाला.  मी गाडीत गेलो आणि पान्हे काढले.

सहाही कार्ब्युरेटर गंगेच्या पायऱ्यांवर, विश्वेशच्या उपरण्यावर उतरवले. पाकळ्यांचा लगदा थेट आतपर्यंत गेला होता. पेट्रोल येण्याची छिद्रं सुईच्या टोकाएवढी, आणि माझी बारीक तार गॅरेजमध्ये! तेवढ्यात पांढऱ्या टोपीतला एक शेतकरी शेजारी उकिडवा बसला. सहादू नाव त्याचं. खिशातून त्यानं फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करायची पिन काढली.

"आमच्या पंपाचंबी असंच व्हतं," तो म्हणाला. "पाला जातो. फुकायचं मागून, पुढून न्हाई."

बत्तीस वर्षांत मला कोणी शिकवायला धजलं नव्हतं. मी रागानं त्याच्याकडे पाहिलं. मग मागून फुंकलं. निघालं!

दीड तास आम्ही दोघे फुंकत होतो. मी कानात नळी घालून स्क्रू फिरवायचो आणि अख्खं गाव श्वास रोखून बसायचं. बारावा जमला तेव्हा शेठ येऊन माझ्या मागेच उभे होते. गाडीचा घुमारा घाटावर पसरला, कबुतरं उडाली. शेठनी डोळे मिटून ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुंबई रद्द."

मग कुसाबाईंनी सगळ्यांना पंगतीला बसवलं. केलेला स्वयंपाक वाया कसा जाऊ द्यायचा? मला सगळ्यांच्या आधी वाढलं, तीनदा आग्रह केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. जेवण झाल्यावर मी खाली बघत म्हणालो, "आजी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "आं? ऐकू नाय आलं." मी मोठ्यानं म्हणालो. पुन्हा म्हणाल्या, "आं?" तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा अर्ध्या पंचवटीनं ऐकलं आणि त्या हसल्या. तेवढं ऐकू येत असावं त्यांना, असा माझा संशय आहे.

रविवारी प्रदर्शनात गाडीचं कौतुक झालं म्हणतात. मी गेलो नाही, डावा पाय हलत नव्हता. पण माझी कीर्ती पसरली हे खरं! सोमवारी सकाळी गॅरेजसमोर रांग होती. मी आरशात पाहून केस सारखे केले. आता येऊ द्या, म्हटलं, जर्मन, इंग्लिश, इटालियन!

रांगेत सत्तावीस फवारणी पंप होते. सहादूनं सगळ्या गावाला सांगितलं होतं, "माणूस तापट हाय, पन हात चांगलाय. आन् शिकवलं तर शिकतो."

मी प्रचंड चिडलो. एकेकाला झापलं. मग सगळ्यांना गुरुवारी या म्हणून सांगितलं.