पणत्या अठरा, डुक्कर एक

तोताराम आबांनी बंदूक झाडली की डुक्कर पडलं की पळालं, हे ते बघतच नसत. आधी बंदूक मधून वाकवायची, नळीतलं रिकामं पितळी काडतूस दोन बोटांनी काढायचं, त्याच्या तोंडात फुंकर मारायची आणि विचारायचं, "काय गंगू, जास्त भाजलं का?" तोवर डुक्कर सातपुडा ओलांडून होळकर संस्थानच्या हद्दीत पोचलेलं असे.

गंगू हे काडतुसाचं नाव. आबांकडे अशी चोवीस पितळी काडतुसं होती आणि चोवीसांना चोवीस नावं होती. गंगू म्हणजे आबांची थोरली बहीण. हे काडतूस तिच्यासारखंच निमूट आणि भरवशाचं. 'व्याही' नावाचं एक होतं, ते आवाज दणदणीत करी पण लागत कशालाच नसे. 'मामा' नावाच्या काडतुसाला चाप ओढल्यावर क्षणभर विचार करायची सवय होती. एका काडतुसाला माझंही नाव होतं, असं मला फार उशिरा कळलं. त्याचा दोष काय, हे मी विचारलं नाही.

मी मूळचा धुळ्याचा. तेव्हा यावलच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो आणि हत्यारांच्या परवान्यांचं दप्तर माझ्याकडे होतं. मी जन्मात फटाक्याला वात लावलेली नाही. पण तालुक्यातली एकूण एक बंदूक माझ्या कागदावरून जात असे. सरकारी खात्यात असंच चालतं.

त्या काळी घरात बंदूक बाळगणं म्हणजे सासूला कायमची ठेवून घेण्यासारखं होतं. तिच्या तब्येतीची खबर दरवर्षी कचेरीला द्यायची. परवान्यात लिहिलेल्या कामासाठीच ती वापरायची, आणि आबांच्या परवान्यात काम लिहिलं होतं 'पिकाचे रक्षण'. वर्षाला पन्नास बार, त्यापुढे एक नाही. दारू, छर्रे आणि काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या स्फोटक टोप्या जळगावच्या परवानेदार दुकानातून आणायच्या, आणि दुकानदारानं परवान्याच्या पाठीवर तसं लिहून द्यायचं. बाकीचे परवानेदार तयार भरलेली काडतुसं आणून मोकळे होत. आबांना ते पसंत नव्हतं. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्यानं चावलेला घास.

एकदा त्यांच्या गावी फिरतीवर गेलो असताना त्यांनी मला काडतुसं भरताना समोर बसू दिलं. हा मोठा मान होता. मात्र बोलायचं नाही, पंख्यानं वारा घ्यायचा नाही आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची, असं आधीच बजावलं होतं. सोनाराकडचा तराजू पुढ्यात. जुनी टोपी काढली, नवी ठोकली. दारू गुंजांनी तोलून घातली, तिच्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती दाबली, मग छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती, आणि कडेनं मेण. एका काडतुसाला पाव तास. एक दाणा दारू जास्त पडली तर ती चिमटीनं काढून परत डब्यात. "माप म्हंजे माप," ते म्हणाले. दिवसातून वीस वेळा तरी हे वाक्य त्यांच्या तोंडी असे. आमटीत मीठ जास्त झालं तरी तेच, कीर्तनकार लांबला तरी तेच. बायको फार वर्षांपूर्वी गेली तेव्हासुद्धा चितेची लाकडं रचताना ते हेच म्हणाले होते, असं गावात सांगत. मला ते खरं वाटतं. आबांना मी कधी हसताना पाहिलं नाही, आणि रडताना पाहिलेलाही कोणी मला भेटला नाही.

त्यांना एक शौक मात्र होता. भुसावळला रेल्वेचे गोरे साहेब मातीच्या बशा हवेत उडवून त्यांच्यावर नेम धरतात, हे त्यांनी कधीतरी कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. बशा कुठून आणणार? त्यांनी गावच्या कुंभाराकडून अर्धकच्च्या पणत्या करवून घेतल्या. दसऱ्याच्या दिवशी नदीच्या कोरड्या पात्रात, दरडीआड बसून कुंभार पणत्या भिरकावी आणि आबा त्या फोडत. अख्खं गाव काठावर जमे. कुंभाराचा पागोटं घातलेला माथा चुकून वर आला तर काय, याचीच लोकांना जास्त उत्सुकता असे.

पंचाईत झाली ती माझ्या दप्तरात. वर्षअखेर प्रत्येक बार कशावर झाडला ते लिहून द्यावं लागे. सगळे परवानेदार डोळे मिटून 'रानडुकरे' लिहीत. त्यांच्या कागदांवर विश्वास ठेवला तर सातपुड्यात औषधालाही डुक्कर उरलं नसतं. आबांनी लिहिलं, 'पणत्या अठरा, डुक्कर एक, बाकी फुकट.' अव्वल कारकुनांनी शेरा मारला की पणत्यांपासून पिकाला काय उपद्रव होतो, याचा खुलासा घ्यावा. मी आबांना बोलावून हळूच सुचवलं, पणत्या खोडा आणि डुकरं लिहा. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"जे डुक्कर मेलं नही, ते कागदावर कसं मारू, भाऊसाहेब?"

त्या वर्षी त्यांचे अठरा बार कापले गेले. पुढल्या दसऱ्याला त्यांनी पणत्या फोडल्याच, आणि 'पणत्या' असंच लिहिलं.

त्यांना एकच मुलगा, मुरलीधर. जळगावला इंग्रजी सहा यत्ता शिकून परत आला तो खादी घालून. बंदूक म्हणजे हिंसा, असं त्यानं पहिल्याच दिवशी जेवताना बापाला सांगितलं. आबा म्हणाले, मग भुईमूग तू राख. पठ्ठ्या खरंच गेला. तीन दिवस शेताच्या बांधावर बसून भजनं म्हणत होता. डुकरांनी ती शांतपणे ऐकली आणि अर्धा भुईमूग उकरून खाल्ला. आबांनी चौथ्या दिवशी 'व्याही' भरून बार काढला, आणि बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, पण बोलायचं झालं तर बैलाशी. "सर्ज्या, त्याले सांग, मोट दुरुस्त करून आन." मुरलीधरही बैलालाच उत्तर द्यायचा, "सर्ज्या, आणतो म्हणावं." दोन वर्षं सर्ज्यानं हे काम केलं. लोक हसत. मीही कचेरीत नक्कल करून हसवलं आहे. आता लाज वाटते.

मग जंगल सत्याग्रह आला. राखीव जंगलातलं गवत कापून मुरलीधर पकडला गेला आणि सहा महिन्यांसाठी धुळ्याच्या तुरुंगात गेला. पाठोपाठ वरून हुकूम आला की ज्यांचे नातलग चळवळीत आहेत, अशा परवानेदारांकडून प्रतिज्ञापत्र लिहून घ्यावं. न दिल्यास हत्यार जमा करावं. मसुदा मीच सुवाच्य अक्षरात उतरवला होता. 'सदर इसमाशी माझा कोणताही संबंध नाही, व तो सुटून आल्यास मी त्यास घरात थारा देणार नाही.'

आबा सही करणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बंदुकीवर जीव, आणि पोराशी तर बोलणंही नाही. मी कागद पुढे केला आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी चष्मा लावून तो बोटानं ओळ धरत वाचला. मग म्हणाले, "बोलनं नही, हे खरं हाये. दोन वरसं झाले. तेवढं लिहितो. चालीन का?"

मी म्हणालो, चालणार नाही. मजकूर ठरलेला आहे.

"मंग असं लिहू का, का त्याचं वागनं मले पटत नही? ते भी खरं हाये."

मी म्हणालो, "आबा, हा नुसता कागद आहे. सही करून टाका. तो आला की घरात घ्यायला तुमचा हात कोण धरतो?" मनापासून म्हणालो. इतरांनी सह्या केल्याच होत्या.

ते कागद घेऊन कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपारी मी डबा खाऊन आलो तेव्हाही तिथेच होते, आणि कागद गुडघ्यावर तसाच, सहीविना. चारच्या सुमारास त्यांनी तो तसाच आणून माझ्या मेजावर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून बंदूक आली. तेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळून. सोबत चोवीस काडतुसं, दारूचा डबा आणि टोप्या. पावतीवर 'काडतुसे नग चोवीस' असं मी लिहीत असताना ते एकेक काढून ठेवत होते आणि पुटपुटत होते. मी मान वर केली नाही. मालखान्याच्या हवालदाराला त्यांनी समजावून सांगितलं की पावसाळ्यात नळीला दर महिन्याला तेल द्यावं लागतं, आणि त्यासाठी तेलाची बाटलीही ठेवून गेले. हवालदारानं ती दोन महिन्यांत स्वतःच्या केसांना लावून संपवली.

मुरलीधर सुटला तेव्हा गावात त्याचा सत्कार झाला. कोण कोण हजर राहतं ते टिपून घ्यायला कचेरीनं मला पाठवलं होतं, म्हणून मी मागे लिंबाखाली उभा. मुरलीधर बोलायला उभा राहिला. तुरुंगात वाळला होता; पण आवाज खणखणीत होता. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "माझ्या तुरुंगवासाचं फळ मला घरीच मिळालं. माझ्या वडिलांनी आपण होऊन शस्त्राचा त्याग केला. अहिंसा त्यांना पटली." आणि सगळ्यांदेखत त्यानं वाकून बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, तुम्ही दोन शब्द बोला."

अडीच वर्षांत पहिल्यांदा तो बैलाला सोडून बापाशी बोलला होता.

लोकांनी आबांना धरून चौथऱ्यावर चढवलं, गळ्यात सुताचा हार घातला. ते उभे राहिले. गर्दीतून त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. खरं काय ते त्या सगळ्या गावात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, हा माणूस आता सांगणार. खरं लिहिण्यापायी अठरा बार गमावणारा माणूस.

"पोऱ्यानं शिकवलं," आबा म्हणाले. "मले पटलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरलीधरच्या डोळ्यांत पाणी होतं. आबा खाली मान घालून हाराची गाठ चाचपत होते.

त्यानंतरचे त्यांचे दिवस काही बरे गेले नाहीत. गावानं त्यांना संत करून टाकलं. बांधावर डुकरं दिसली तर आबांनी दगडसुद्धा मारू नये, अशी लोकांची अपेक्षा. भुईमूग पेरणं त्यांनी बंद केलं. दसऱ्याला नदीत कोणी जमलं नाही. कुंभार पणत्या घेऊन एकदा दारात आला होता, त्याला त्यांनी हात जोडून परत पाठवला. मुरलीधर धुळ्याला चळवळीच्या कामात राहिला आणि दर पंधरवड्याला गावी येऊ लागला. आला की बापाला टकळीवर सूत काढायला बसवी. आबांचे हात जाड, धागा वीतभर निघाला की तुटायचा.

सरकारचा आणि चळवळीचा समेट मधेच झाला होता; जमा केलेली हत्यारं परत देण्याचा हुकूम आमच्या कचेरीत पोचला तो दसऱ्यानंतर. प्रतिज्ञापत्र नको, काही नको. फक्त येऊन घेऊन जायची. आबांची नोटीस मी शिपायाकडे दिली नाही. रविवारी स्वतः घेऊन गेलो. इतकी आनंदाची सरकारी कामं माझ्या नोकरीत दोन-चारच आली असतील.

आबा ओट्यावर सूत काढत बसले होते. नोटीस त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. टकळी खाली ठेवली. बराच वेळ कागदावरून अंगठा फिरवत बसले.

"कव्हा नेता येते?"

"उद्या. पाहिजे तर आजसुद्धा. मी मालखाना उघडायला लावतो."

ते उठले, आत गेले, पागोटं घालून बाहेर आले. मला वाटलं, निघाले. पण ओट्याच्या पायरीवर उभे राहिले आणि परत खाली बसले.

"पोऱ्या दर पंधरवड्याले येतो, भाऊसाहेब. जवळ बसतो. सूत पाहतो, हसतो, म्हनतो, आबा, माप चुकलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "घरात बंदूक आली, तं तो कशाले येईन?"

मी म्हणालो, त्याला खरं सांगून टाका. त्याच्यासाठीच तर बंदूक दिलीत. ऐकून त्याला उलट आनंदच होईल.

"नही होनार," ते म्हणाले. "त्यानं मले जिंकलं, असं त्याले वाटतं. ते राहू द्या."

इतका एकटा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नोटीस खिशात घालून मी गाडीकडे निघालो, तर ते मागून आले. गाडीच्या दांडीला धरून उभे राहिले.

"गंजली नही ना?"

त्याच सकाळी मी मालखान्यात जाऊन बंदूक पाहिली होती. नळीत बोट घातलं तर ते पार तांबडं झालं होतं.

"नाही आबा," मी म्हणालो. "हवालदार दर महिन्याला तेल लावतो."

"चांगला मानूस हाये," आबा म्हणाले, आणि सूत काढायला परत ओट्याकडे गेले.