मागून कसं दिसते?

डॉक्टर मुकुंदरावांनी कळंबला चिंतामणीसमोर हात जोडले आणि पुजाऱ्याला विचारलं, "मागून कसं दिसते?" पुजाऱ्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

मी त्यांच्या यवतमाळच्या दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. वांगी असोत, चपला असोत, साहेबांना मागून पाहायचं असतं. तरुणपणी मुलगी पाहायला गेले, तर तिनं केलेलं भरतकाम भिंतीवरून काढून उलटं केलं. मागे दोऱ्यांचा गुंता तर निघालाच, भिंतीचे पोपडेही निघाले. स्थळ तिथेच बारगळलं. पुढे साहेबांनी लग्नाचा विषयच काढला नाही.

असा माणूस हृदयाचा डॉक्टर झाला आणि त्याच्या हाती थ्रीडी इकोचं यंत्र आलं, मग काय विचारता! जुन्या यंत्रात हृदयाची चपटी चकती दिसायची. यात अख्खं धडधडतं हृदय पडद्यावर येतं आणि हवं तसं फिरवता येतं. साहेब ते पेशंटला चारी बाजूंनी दाखवतात. भलेभले आडमुठे मुकाट ऑपरेशनला तयार होतात.

अडून बसल्या त्या फक्त ताई. साहेबांची थोरली बहीण. आई गेल्यावर त्यांनीच साहेबांना वाढवलं. दिग्रसजवळ एकट्या शेती बघतात. चार पावलं चाललं की धाप लागते, म्हणून साहेबांनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. तपासलं तर हृदयाची झडप पार निकामी. नागपूरला तातडीनं ऑपरेशन करायला हवं होतं.

"हे पाह्य ताई, झडप मिटून नाही राह्यली. रक्त उलटं येते. आता मागून पाह्य."

"भज्यावानी दिसून राह्यलं," ताई म्हणाल्या. "घरात कापूस पडून हाय, भाव नाही. तो इकल्याबिगर मी कुठी जात नाही."

साहेबांनी हृदय वरून दाखवलं, खालून दाखवलं, आडवं कापून दाखवलं. ताई पदर सावरून उठायला लागल्या.

तेव्हा साहेब यंत्र सोडून खाली बसले आणि माझ्यादेखत चक्क रडायला लागले. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"मले भेव लागून राह्यलं, ताई. तू गेली तर मले कोन हाय?"

ताई परत खाली बसल्या.

"मंग हे आंधी काहून नाही सांगतलं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "नागपूरची गाडी केव्हा हाय रे?"