जर्मन करवतीचा काळा धूर

"इंजिन? अहो, इंजिन माझ्याशी बोलतं!"

बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्यात गुंडोपंत हुद्दारांनी हे वाक्य अकरा वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच माणसं मान डोलवायची. पण त्रेसष्ट सालच्या दसऱ्याला भर सकाळी एका इंजिनाने त्यांच्याशी चक्क अबोला धरला!

झालं असं, की रात्रीच्या वादळात जनरल मॅनेजर येसाजीराव शिर्क्यांच्या बंगल्यासमोरची निलगिरी उन्मळली आणि थेट फाटकात आडवी झाली. मोटार आत, रस्ता बाहेर! साहेबांच्या आईंना, सोयराबाईंना, यशवंतपूरला साडेअकराची गाडी पकडायची होती. कोल्हापूरला पणतवाचं बारसं होतं. बरं, कारखान्यात नवी कोरी जर्मन मोटार-करवत आलेली. चार दिवसांपूर्वी खोक्यातून काढलेली. गुंडोपंतांनी ती आपणहून मागून घेतली. का नाही घेणार? इंजिन विभागाच्या सुपरिंटेंडेंटची जागा याच आठवड्यात भरायची होती. यादीत दोनच नावं होती, आणि घरी सुलभावहिनींनी तर माहेरी पत्रसुद्धा टाकलं होतं.

"दहा मिनिटं, साहेब! झाड कुठे होतं म्हणून विचाराल!" गुंडोपंत म्हणाले. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

त्यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, नऊदा. दहाव्यांदा इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि त्यातून असा काळाकुट्ट धूर सुटला, की साहेबांचा पांढरा व्हरांडा दिसेनासा झाला! वेग द्यायची कळ दाबली, तर घुर्र घुर्र करून इंजिन गप्प. कच्च्या पेट्रोलच्या वासाने सोयराबाईंनी पदर नाकाला लावला.

गुंडोपंतांनी प्लग काढून पाहिला. ओलाचिंब आणि काजळीने माखलेला!

"बघ कल्लाप्पा! पेट्रोल जास्त, हवा कमी. इंजिनाला अजीर्ण झालंय!"

कल्लाप्पा हा निपाणीकडचा फिटर. तो हळूच म्हणाला, "सायेब, हवेची जाळी बघू या का स्वल्प?"

"चार दिवसांच्या यंत्राची जाळी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? कार्बोरेटरचा स्क्रू आवळ!"

स्क्रू पाव फेरा आवळला. धूर! अर्धा फेरा आवळला. आणखी धूर! चोक पाहिला, तो पूर्ण उघडा होता. मग तेल जास्त पडलं असेल म्हणून टाकी रिकामी करून नवं मिश्रण भरलं. या खेपेला धूर स्वयंपाकघरात शिरला. आचारी देवाप्पा "बेंकी! बेंकी! आग लागली!" म्हणून ओरडत आला आणि त्याने घागरभर पाणी थेट गुंडोपंतांच्या डोक्यावर ओतलं!

"अरे, आग कुठे आहे? मी आहे मी!" गुंडोपंत निथळत किंचाळले.

साडेदहा वाजले. येसाजीराव घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. त्यांची प्रत्येक फेरी गुंडोपंतांच्या काळजावरून जात होती. जागा चालली! अकरा वर्षांची अब्रू चालली! त्यांनी घाईघाईने कार्बोरेटर खोलला आणि त्याचे सुटे भाग साहेबांच्या चहाच्या टेबलावर, भरतकामाच्या टेबलक्लॉथवर मांडले. सगळे भाग लख्ख होते, दोष कशातच नव्हता! पुन्हा जोडून दोरी ओढली, तर तोच काळा धूर.

"सायेब, जाळी..." कल्लाप्पाने धीर करून पुन्हा म्हटलं.

"उघड बाबा! तुझ्या मनात राहायला नको!"

झाकण उघडलं, आणि गुंडोपंतांचा जबडा खाली तो खालीच राहिला. जाळी कुठे दिसेचना! आत हळद, कुंकू आणि तेल यांचा मळून घट्ट झालेला गोळा, त्यावर अक्षता, आणि मधोमध झेंडूची पाकळी! काल खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. पण यंत्राच्या नाकात?

मग मात्र गुंडोपंतांचा तोल गेला. सकाळपासूनची सगळी भडास बाहेर पडली.

"कोणत्या गाढवाने केलं हे? टिळा लावायचा तर कपाळाला लावा! ज्याला इंजिनाचं ओ की ठो कळत नाही, त्याला यंत्राजवळ फिरकू देतंच कोण?"

"सायेब, आस्ते... आस्ते..." कल्लाप्पा त्यांची ओली बाही ओढत होता.

"आस्ते काय? समोर आणा त्याला! त्याला धड गुरंसुद्धा राखता यायची नाहीत!"

येसाजीराव चालायचे थांबले. व्हरांड्यातून सोयराबाईंचा शांत आवाज आला.

"मीच ते गाढव, बाबा. काल कारखान्यातल्या पूजेला मीच आले होते. आमच्याकडं नवमीला तलवारीला हळद-कुंकू लागतं. हिला एवढे दात दिसले, म्हटलं ही तलवारीची थोरली बहीण. मग हिचं तोंड शोधलं आणि नैवेद्य दाखवावा तसं सगळं आत घातलं."

गुंडोपंतांच्या पायाखालची जमीन सरकली! "प... पूजा मात्र अगदी मनोभावे झाली आहे हो, आईसाहेब," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. कल्लाप्पाने मुकाट्याने जाळी पेट्रोलमध्ये धुतली आणि वाळवून बसवली. दोरी एकदाच ओढली, तर इंजिन असं खणखणीत वाजलं, की झाडावरचे कावळे उडाले! बारा मिनिटांत निलगिरीचे तुकडे झाले. त्या बारा मिनिटांत गुंडोपंतांनी मान वर केली नाही.

मोटार फाटकाबाहेर आली आणि थांबली. सोयराबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"येसाजी, माणूस तोंडाचा फाटका आहे, पण काम नेटानं करतो. त्याची बढती अडवू नकोस."

येसाजीराव हसले. ते हसू गुंडोपंतांना काही ठीक वाटलं नाही.

"नाही अडवत, आई. हुद्दार, अभिनंदन! सुपरिंटेंडेंट झालात. फक्त आनेकलच्या आपल्या लाकूड डेपोत. तिथे हाताखालच्यांना काहीही बोललात, तरी कुणी मनाला लावून घेणार नाही."

दुपारी गुंडोपंत घरी पोचले तेव्हा सुलभावहिनी आपट्याची पानं घेऊन दारातच उभ्या होत्या.

"काय झालं हो? मिळाली का जागा?"

"मिळाली."

"अगंबाई! सुपरिंटेंडेंट! आणि इंजिनं किती तुमच्या हाताखाली?"

गुंडोपंतांनी ओली टोपी खुंटीला अडकवली.

"बावीस."

"बावीस! सगळी जर्मन?"

"नाही," गुंडोपंत भिंतीकडे बघत म्हणाले, "खिल्लारी. शिंगांसकट."