कढीपत्त्याचं वजन

सोहोनीकाका कढीपत्त्याचं वजन करतात. फोडणीत टाकायच्या पानांचं नव्हे, अख्ख्या झाडाचं, कुंडीसकट, आणि तेही तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर. झाड काट्यावर ठेवताना एक हात मागे धरतात, न जाणो कलंडलं तर. मग चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळ जाऊन आकडा वाचतात आणि फाइलमधल्या वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका देतात.

काका बालरोगतज्ज्ञ. सगळी नोकरी इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत गेली. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा ब्रिस्टलला इंजिनिअर. मिल्टन कीन्सच्या घरात उरले काका आणि कढीपत्ता. गावात नवं मराठी कुटुंब आलं की काका त्याला एक रोप देतात, सोबत फाइल आणि अंगठ्याएवढी खताची बाटली. ती बरोबर चार आठवडे पुरते. संपली की शनिवारी साडेदहाला रोप घेऊन हजर व्हायचं. याला ते क्लिनिक म्हणतात.

मला रोप मिळालं तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, आता हे एक. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे आणि शनिवारी झाडाला सीटबेल्ट लावून राउंडअबाउटना प्रदक्षिणा घालायच्या. म्हणून बाटली संपल्यावर मी काकांना चक्क टाळलं आणि आईला पुण्याला फोन केला. आई म्हणाली, "आंबट ताक घाल." घातलं. कुंडी खिडकीत, खाली रेडिएटर. तिसऱ्या दिवशी घराला असा वास सुटला की नवरा स्वतःचे बूट तपासायला लागला. पानं पिवळी पडली, मातीवर चिलटं घोंगावायला लागली.

मी मुकाट्याने गेले क्लिनिकला. काकांनी माती हुंगली.

"ताक?"

"हो."

"अगं, अंगणातल्या झाडाला चालतं ते. तिथे ऊन आहे, मुंग्या आहेत, सगळे कामाला लागतात. इथे रेडिएटरवर नुसतं नासतं. किती घातलंस?"

"वाटीभर."

"मेधा, डोस वजनावर असतो, हौसेवर नाही."

हे त्यांचं पालुपद. माझ्या चहातल्या साखरेबद्दलही ते हेच म्हणतात.

नजर अधू झाल्यापासून काकांनी गाडी सोडली, त्यामुळे खत आणायला ड्रायव्हर मीच. दुकान घरात दिव्यांखाली झाडं वाढवणाऱ्यांचं, इंडस्ट्रियल इस्टेटच्या पार टोकाला. आत जांभळे दिवे, पंखे आणि भिंतभर खताच्या बाटल्या. या देशात घरी गांजा लावणं गुन्हा, म्हणून तिथे येणारा जो तो टोमॅटो लावतो. डिसेंबरात, कपाटात, टोमॅटो. एकटे काका खरं बोलतात, "करी लीफ", आणि नेमका त्यांच्यावरच कोणाचा विश्वास नाही. मालक डीन, मानेपर्यंत गोंदवलेला, डोळा मारून म्हणायचा, "अर्थातच, डॉक्टर. करी लीफ."

डीन दर वेळी त्यांच्यापुढे फुलोऱ्याचं खत ठेवायचा. गांजा फुलांचाच होतो; त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा जीव फुलांत, त्यामुळे फॉस्फरस आणि पोटॅशवरच त्याचं दुकान चालतं. काका बाटली परत फळीवर ठेवायचे. "मला फूल नको, पान हवं. नायट्रोजन दे. आणि थोडं लोह. इथल्या पाण्यात क्षार फार, मुळांना लोह घेता येत नाही." एकदा बोलता बोलता म्हणाले, "कळी दिसली की मी खुडून टाकतो." डीनचा चेहराच पडला. कळ्या खुडणारा माणूस त्या दुकानाने पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याला पटलं की हा गृहस्थ खरोखरच आमटीसाठी झाडं वाढवतो.

काका लेबलं वाचत होते तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "प्रत्येक लिटरमागे हे तीस छोट्या रिकाम्या बाटल्या नेतात. मी किती वेळा सांगितलं, लोकांना मोठी बाटलीच देऊन टाका, वर्षभर बघायला नको. ऐकत नाहीत."

परतताना मी काकांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मोठी बाटली म्हणजे डिस्चार्ज. ती दिली की परत कोण कशाला येईल?" मग सावरून घेत, "म्हणजे, झाड दाखवायला."

शनिवारी ते हॉलमध्ये सहा खुर्च्या मांडतात. गेले कित्येक महिने त्यांतली एकच भरते, माझी. बाकीच्यांची झाडं काही थंडीत गेली, काही बरी झाली, आणि बऱ्या झालेल्या पेशंटला अडकवून ठेवणं काकांच्या रक्तात नाही. एकेकाला मोठी बाटली देत त्यांनी आपल्याच हातांनी घर रिकामं केलं होतं.

गेल्या शनिवारी माझं झाड काट्यावर चढलं. काकांनी आकडा दोनदा वाचला, पानं उलटीसुलटी करून बघितली, ठिपका दिला. आत गेले आणि मोठी बाटली घेऊन आले. तिच्यावर माझं नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं.

"प्रकृती ठणठणीत. आता यायची गरज नाही तुला."

वर्षापूर्वी मी ती बाटली घेऊन धूम ठोकली असती. आता मी ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काका, हे खालचं पान बघा ना. पिवळं वाटतंय."

खालचं जुनं पान पिवळं पडून गळतंच. हे आता मलासुद्धा कळतं, मग त्यांना कळत नसेल का? त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"हं," शेवटी म्हणाले. "निरीक्षणाखाली ठेवायला हवं." बाटली उचलून त्यांनी कपाटात ठेवून दिली. "पुढच्या शनिवारी, साडेदहा. आणि उपाशीपोटी."

"झाड?"

"तू. पोहे करतो."