हारंल त्यानं आधी बोलायचं

उत्तम मास्टर आंघोळ करून न्हाणीतून बाहेर येतात ते चालत येत नाहीत, पळत येतात. अंगात त्यांनी स्वतः शिवलेला एक विचित्र पोशाख असतो, त्यातून पाणी गळत असतं, आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावलेला. दारात सायकल तयारच असते. तिला हिसका देऊन ते दोन पावलं तिच्यासोबत धावतात, टांग मारतात, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येतात आणि मग टॉवेल मागतात. समोर नवीन राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मास्टरच्या घरात गॅसचा भडका उडाला असं समजून त्यांनी अर्धी गल्ली गोळा केली होती.

मी शेजारी. हिंगोलीतच मास्तरकी करून निवृत्त झालो. ते मला सर म्हणतात आणि मी त्यांना मास्टर, कारण ते टेलर मास्टर. आम्हा दोघांत लोकांना उपयोगी कोण पडलं हा प्रश्न मी उगाच कधी काढत नाही.

हा सगळा खटाटोप ट्रायथलॉनचा. आधी पोहायचं, पाण्यातून निघून तसंच सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळायचं, आणि मध्ये कुठं बसून चहा प्यायचा नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे का करावं, असं मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "पाणी आणि सायकल यांच्या मधात टाइम जातो सर. आन् रूल असा हाय की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा न्हाई." मास्टरना ओल्या बोटांनी पट्टा लावणं जमेना. म्हणून ते हेल्मेट घालूनच आंघोळ करतात. डोकं कधी धुतात, ते मला माहीत नाही.

पोशाख हे वेगळंच प्रकरण आहे. शाळेच्या युनिफॉर्मचं उरलेलं कापड आणि रेनकोटचं अस्तर यांचा तो जोड आहे. वरचा भाग एका शाळेचा, खालचा दुसऱ्या शाळेचा. त्याला खिसे पाच. पोहायच्या कपड्याला खिसे कशाला, म्हटलं तर मास्टर दुखावले. "बिनखिशाचा कपडा मी जिंदगीत शिवला न्हाई." पाण्यातून बाहेर येताना ते पाचही खिसे फुगलेले असतात आणि मास्टर पखालीसारखे हलत चालतात. एकदा त्यातून मासोळी निघाली होती.

"पहिल्या ट्रायलला फिटिंग बसत न्हाई," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ब्लाउज दंडाला घट्ट झालं की हे वाक्य, नगरपालिकेनं रस्ता खोदला की हेच, कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं तरी हेच. सकाळच्या सरावालाही ते ट्रायल म्हणतात. गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या विहिरीत पोहायची ट्रायल. ज्या दिवशी विहिरीवर जाणं होत नाही त्या दिवशी बादलीत तोंड घालून दम धरायची ट्रायल. त्यांच्या पत्नी लतावहिनी एकदा माझ्या देखत म्हणाल्या, "तिकडं जूनचे युनिफॉर्म तुंबलेत, आन् इकडं आमचं माणूस बादलीत बसलंय." बादलीतून काही बुडबुडे आले. ते उत्तर असावं.

आता मुद्द्याचं. मास्टरची शर्यत जगाशी नाही, एकाच माणसाशी आहे. आनंदराव म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. हट्टा या गावी त्यांची पिठाची गिरणी आहे आणि थोडी शेती. भुवया कायम पांढऱ्या, वयानं नव्हे, पिठानं. या दोघांचा अबोला आहे.

अबोला कशावरून, तर मास्टरच्या मुलीच्या लग्नावरून. पंगती बसल्या. आनंदराव मांडवात खुर्चीवर बसून राहिले, धाकटा येईल आणि 'दादा, जेवायला चल' म्हणेल म्हणून. धाकटा आचाऱ्याजवळ उभा, दादा येईल आणि वाढायची बादली हातात घेईल म्हणून. पंगतीमागून पंगती उठल्या. शेवटी मांडववाला खुर्च्या गोळा करत आनंदरावांपाशी आला आणि म्हणाला, काका, उठता का जरा. काका उठले ते उपाशीपोटी थेट हट्ट्याला गेले.

"आमंत्रण परक्याला असतंय सर," मास्टर म्हणतात. "घरच्या माणसाला कोणी जेवायला बोलवतंय व्हय?"

"घरचाच होतो तर हाताला धरून न्यायचं होतं," आनंदराव म्हणतात.

मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच मी समेटाच्या कामाचा नाही. निरोप्या म्हणून मात्र दोघांनी मला ठेवून घेतलं. मी दुकानात बसलो की मास्टर शिलाई थांबवून म्हणतात, "लावा जरा फोन." मी हट्ट्याला फोन लावतो आणि स्पीकरवर टाकतो.

"त्याला विचारा, पाऊस झाला का."

हे आनंदरावांना तिकडं स्वच्छ ऐकू गेलेलं असतं. पण ते गप्प. मी तोंडानं पुन्हा म्हणायचं, "आनंदराव, पाऊस झाला का?" मग तिकडून, "त्याला सांगा, झाला बराबर." हे मास्टरनी ऐकलेलं असतं. तरी ते कैची हातात धरून माझ्याकडं बघत राहतात. मी म्हणतो, "झाला म्हणे." मग ते मान हलवतात आणि कापड कापायला घेतात. सहा वर्षं मी हे करतो आहे. शाळेत एवढी घोकंपट्टी मी मुलांकडूनही करून घेतली नाही.

शर्यतीचं खूळ दुकानातच निघालं. एक डॉक्टर त्यांच्या ट्रायथलॉनच्या पोशाखाची चेन बदलायला आले होते. मास्टरनी तो अंगरखा उलटसुलट करून पाहिला, हे काय प्रकरण म्हणून विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाले, "हे तर आमी दोघं लहानपणी रोजच करत होतो. कालव्यात पोहायचो, सायकलवर डबलसीट निघायचो, आन् कालव्याचा राखणदार मागं लागला की सायकल टाकून पळायचो." डॉक्टर गेल्यावर मास्टरनी मशीनवरचा पाय काढला. मग म्हणाले, "लावा फोन. त्याला सांगा, शर्यत लावू. हारंल त्यानं आधी बोलायचं."

मी पुन्हा म्हणून दाखवलं. तिकडं गिरणी चालू होती. ती बंद झाल्याचा आवाज आला. "त्याला सांगा, कबूल."

ठिकाण सिद्धेश्वर धरण. काठाकाठानं दोन खडकांच्या मधलं पाणी पोहायचं, मग औंढ्याच्या रस्त्याला सायकलनं जाऊन परत यायचं, आणि कालव्याच्या वाटेनं पळत एका लिंबाच्या झाडापर्यंत. झाडाखाली मी खडूनं रेघ मारायची. पंच मीच, कारण दोघांशीही बोलणारा मी एकटाच. सोबतीला एक मासेमार होडी घेऊन असायचा. त्यानं पहिल्या वर्षी मला विचारलं, "काहून पोहून राहिले हे? काही इनाम हाय का?" मी म्हटलं, हरणाऱ्याला बोलावं लागतं. त्यानं नीट पाहिलं माझ्याकडं आणि होडी जरा लांबून चालवायला लागला.

पहिल्या वर्षी आनंदराव बेडकासारखे पाय मारत आधी बाहेर आले आणि गव्हाची पोती वाहायच्या अवजड सायकलवर निघाले. मागून मास्टर निघाले, आणि सीटवर बसताना त्यांचा पोशाख मागून उसवला. जिल्ह्यातला नावाजलेला टेलर रस्त्याच्या कडेला, दगडाला पाठ लावून, खिशातल्या सुईदोऱ्यानं स्वतःचा पोशाख शिवत बसला. मी स्कूटीवरून पुढं गेलो, तर वळणापलीकडं आनंदरावांनीही सायकल उलटी करून ठेवलेली. "चेन पडली," म्हणाले. चेन तर जागच्या जागी होती. ऊन वर आलं, शर्यत रद्द झाली. मास्टर म्हणाले, "पहिल्या ट्रायलला फिटिंग बसत न्हाई."

दुसऱ्या वर्षी आनंदरावांची सायकल पंक्चर झाली. मास्टर पुढं होते. त्यांना निवांत जिंकता आलं असतं, पण ते मला एका आंब्याखाली आडवे सापडले. "पोटात गोळा उठला." पंक्चर निघून आनंदराव दिसायला लागले तसा गोळा बसला, पण तोवर आनंदरावांचीही कंबर धरली, आणि शर्यत पुन्हा रद्द. मी वैतागलो होतो. माझं अनुमान असं, की दोघांनाही हरायची धास्ती आहे. हरलं की आधी बोलावं लागणार, आणि तेवढी मान खाली घालायची दोघांचीही तयारी नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, हे दोघं म्हातारे होईस्तोवर मला रेघा मारायला लावणार.

यंदा फोनवर आनंदराव म्हणाले, "त्याला सांगा, मला बीपी निघालंय. गोळी सुरू हाय. डॉक्टर म्हणले, झेपंल तेवढं करा."

मास्टरच्या हातातली कैची थांबली. "त्याला सांगा, मंग ऱ्हाऊ दे."

"त्याला सांगा, भ्याला का?"

शर्यत ठरली. या वेळी काही उसवलं नाही, काही पंक्चर झालं नाही. मास्टर पाण्यातून आधी निघाले. हेल्मेट, अर्थातच, पोहतानाही डोक्यावर होतं. सायकलवर तर ते असे गेले की मला स्कूटीचा कान पिळावा लागला. मी आडवाटेनं लिंबाखाली येऊन रेघ मारली. थोड्याच वेळात कालव्याच्या वाटेनं मास्टर एकटेच पळत येताना दिसले. मागं लांबवर आनंदराव, अनवाणी, धापा टाकत.

मास्टर आले, आणि रेघेच्या अलीकडं हातभर अंतरावर येऊन थांबले.

"या की!" मी म्हणालो.

"थांबा सर."

"अहो, एक पाऊल टाका, जिंकलात."

"म्हणून तर थांबलो." ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, श्वास पुरत नव्हता. "मी जिंकलो तर त्यानं बोलायचं. तो अडेल माणूस हाय, अजून वर्ष काढील. मी हारलो तर मला आजच बोलता येतं."

"मग तीन वर्षं ही बादली, हे हेल्मेट?"

"मुद्दाम हारलो असं त्याला दिसलं तर दया केली म्हणेल सर, अजून फुगंल. दमून, बराबरीत येऊन हारायला लागतंय. त्याच्यासाठी तयारी करून राहिलो, तर तयारीनं मीच फास्ट झालो. ही पंचाईत." त्यांनी मागं वळून पाहिलं. "अबोला धरायला बी माणूस जित्ता लागतो. त्याला बीपी हाय म्हणला ना, तवापासून मला नीट झोप न्हाई. घरात बोलायला समदे हायत. पण माझ्या लहानपणचं ज्याला ठाऊक हाय असा तो एकलाच ऱ्हायलाय."

मला आंब्याखालचा तो पोटातला गोळा आठवला, आणि जागच्या जागी असलेली ती चेनही आठवली. तीन वर्षं मी पंच होतो आणि शर्यत कशाची आहे ते मला कळलं नव्हतं. मला माझाच राग आला.

एवढ्या पळण्यानंतर एकदम उभं राहायचं नसतं. मास्टरच्या उजव्या पोटरीत गोळा आला. या वेळी खरा. ते ओरडले आणि वाटेवरच बसले. पाय लाकडासारखा ताठ झालेला, तोंड वेडंवाकडं. मी वाकणार तेवढ्यात आनंदराव पोचले.

रेघ त्यांच्या समोर होती. मोकळी. त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. खाली बसले, भावाचा पाय उचलून मांडीवर घेतला, टाच धरून पंजा मागं दाबला आणि दुसऱ्या हातानं पोटरी चोळायला लागले. पोती उचलणारा हात तो. आनंदरावांच्या कपाळावरचा घाम मास्टरच्या गुडघ्यावर पडत होता.

मास्टरनी दात आवळले, डोळे मिटले. "सर," ते म्हणाले, "त्याला सांगा, हळू चोळ म्हणावं."

सवयीनं माझं तोंड उघडलंच होतं. आनंदराव पोटरीवरून नजर न काढता म्हणाले,

"मला सांग ना. मी इथंच हाय की."

मास्टरनी डोळे उघडले. त्यांचा ओठ हलायला लागला, मग हनुवटी, तिथला हेल्मेटचा पट्टा. मी धरणाकडं तोंड करून उभा राहिलो.

"हळू," मागून आवाज आला. "हळू रे दादा."